कॅरारो की डनक्वीन? सुट्टीत मुलांना गेलताख्तला न्यायचं तर

आयर्लंडमधल्या मराठी घरांत हा विषय साधारण मार्च-एप्रिलमध्ये निघतो. मुलं शाळेत आयरिश शिकतात, मार्कही बरे पाडतात, पण 'बाबा, हे खरंच कुणी बोलतं का?' असं विचारलं की आपली पंचाईत होते. 2022च्या जनगणनेत शाळा-कॉलेजबाहेर रोज आयरिश बोलणारे साऱ्या देशात मिळून सुमारे 72 हजार निघाले. डब्लिनच्या बसमध्ये ते कानावर पडायचे योग कमीच. तेव्हा गेलताख्तमध्ये, म्हणजे आयरिशभाषक पट्ट्यात, आठवडाभर राहून यावं असं ठरतं. असाच पट्टा असलेल्या डोनेगलचे चाहते रागावतील, पण आमच्या ओळखीत निवड बहुधा दोन गावांत अडकते: केरीतलं डनक्वीन आणि गॉलवेच्या पश्चिमेला कॉनेमारातलं कॅरारो. आम्ही दोन्हीकडे राहिलो आहोत.

देखणेपणात डनक्वीनशी तुलनाच नको. स्ले हेडचं वळण घेतलं की समोर ब्लास्केट बेटं, खाली कूमीनूलची पुळण, मागे हिरवे उतार. थोरल्या ब्लास्केटवरच्या शेवटच्या रहिवाशांना सरकारने 1953 साली मुख्य भूमीवर आणलं. त्यांच्या जगण्याचं संग्रहालय डनक्वीनमध्येच आहे आणि ते चुकवू नये. आतला लांबलचक बोळ थेट बेटाकडे बघणाऱ्या काचेशी संपतो. आमची कन्या तिथे काचेला नाक लावून उभी राहिली ती हलेचना. बेटावर जायची बोट मात्र समुद्राच्या मर्जीवर, त्यामुळे मुलांना आधीच कबूल करून बसू नका.

कॅरारोत पोचल्यावर बायकोचा पहिला प्रश्न होता, 'गाव कुठाय?' प्रश्न रास्त होता. विखुरलेले बंगले, ग्रॅनाइटचे खडक, वीतभर शेताला चहूबाजूंनी दगडी गडगे, आणि समुद्र कुठून आत शिरलाय आणि कुठे संपलाय याचा पत्ता लागत नाही. फोटो काढायला सुचत नाही. पुळण तेवढी न्यारी. लोक तिला प्रवाळाची म्हणतात, पण पायाखाली असतात ते एका कडक समुद्रशेवाळाचे वाळलेले तुकडे, पांढरट, काटेरी, बोटभरही नाहीत. अनवाणी चालवत नाही, म्हणून चपला न्या. उन्हाळ्यात इथे गॉलवे हुकरच्या (हसू नका, होडीचंच नाव आहे) शर्यती होतात. तांबूस-तपकिरी शिडांच्या या होड्या एके काळी अरान बेटांवर जळणाचं पीट (दलदलीतली वाळवलेली माती) पोचवत. बेटांवर ते मिळत नाही.

जेवणखाण दोन्हीकडे सारखंच. शाकाहारी असाल तर सूप, ब्राउन ब्रेड आणि बटाटा, की झालं.

आमचा निकाल लागला तो दुकानाच्या काउंटरवर. स्ले हेडचा अरुंद रस्ता जुलैमध्ये पर्यटकांच्या गाड्यांनी भरलेला असतो, त्यामुळे काउंटरपलीकडच्या माणसाने प्रत्येक चेहरा पाहुणा धरला तर नवल नाही. आणि आपला रंग पाहून तर शंकेला जागाच उरत नाही. मुलगी घरून वाक्य घोकून यायची, आइस्क्रीम मागायची, आणि उत्तर यायचं गोड, हसऱ्या इंग्रजीत. मागे रांग, त्यामुळे पुन्हा आयरिशमध्ये सांगायला सवड नाही. दोन-तीन दिवसांत तिने नाद सोडला. त्या लोकांना तरी काय बोलणार? समोरचा मराठीत जरा अडखळला की पुण्यातले आपण लगेच हिंदीत घसरतो, तेही सौजन्य म्हणूनच. मे किंवा सप्टेंबरमध्ये डनक्वीनमध्ये वेगळा अनुभव येत असेल. आम्ही शाळेच्या सुट्टीला बांधलेले.

कॅरारोतही 'हॅलो' इंग्रजीतच होतो. पण मुलीने आयरिशमध्ये मागितल्यावर दुकानातले आजोबा थांबले. तिचं अर्धवट वाक्य त्यांनी पुरं होऊ दिलं, मग तेच सावकाश, नीट करून म्हणून दाखवलं आणि सुट्टे पैसेही आयरिशमध्येच मोजून दिले. शेल्फवर रेडिओ चालू होता आणि त्यावर मयताच्या बातम्या वाचल्या जात होत्या. माझ्या मते फरक या रेडिओपाशी आहे. 1970 साली कॉनेमारातल्या तरुणांनी परवान्याशिवायच आयरिश रेडिओ केंद्र चालवून दाखवलं. दोन वर्षांत सरकारी 'रेडिओ ना गेलताख्ता' सुरू झाला आणि त्याचं मुख्यालय कॅरारोच्या शेजारी, कासला गावात आलं. 1996 साली सुरू झालेली आयरिश टीव्ही वाहिनीही याच रस्त्यावर आहे. रेडिओचा स्टुडिओ केरीतही आहे, पण इथे या भाषेवर पगार होतात, गृहकर्जं फिटतात. पाहुण्याला खूश करण्यासाठी तिला बाजूला ठेवायची वेळ त्यामुळे कमी येत असावी. निदान मला तसं वाटलं.

कॅरारोची खोट सांगायलाच हवी: बोली वेगवान. अक्षरं गिळतात आणि अभिवादनसुद्धा केरीपेक्षा वेगळं. शाळेच्या पुस्तकावर पोसलेल्या पोराला पहिले दोन दिवस काही कळत नाही. केरीची बोली आमच्या कानांना जास्त सुटी-सुटी वाटली. मुलाला अजून वाक्यच जोडता येत नसेल, किंवा आठवड्यातून खरं तर समुद्र आणि डोंगरच हवे असतील, तर खुशाल डनक्वीनला जा, पस्तावणार नाही. थोडंफार बोलणारं आणि तोंड उघडायला लाजणारं पोर असेल तर मी कॅरारो म्हणेन. शिवाय डब्लिनहून गॉलवेपर्यंत थेट रेल्वे आहे आणि पुढे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरला 424 नंबरची बस. डनक्वीनला गाडीशिवाय हाल आहेत.

खोलीचं मात्र वेळेत बघा. जून ते ऑगस्ट आयरिशच्या उन्हाळी शाळांची मुलं तीन-तीन आठवडे गावातल्या घरांतच राहतात आणि घरमालकिणी त्यांच्यात गुंतलेल्या असतात. आम्हाला जागा मिळाली ती ईस्टरच्या आधी फोन केला म्हणून.