गिटारला सॅटिन (मंद चमकेचं) फिनिश: टू-के पीयू की नायट्रो लॅकर?
टिकाऊपणाच हवा असेल तर मी टू-के पीयू, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचं पॉलियुरेथेन, म्हणेन. हार्डनर मिसळला की थर रासायनिक क्रियेने कडक होतो. घाम, पट्ट्याचं बक्कल सहज बाधत नाही. मात्र हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसांना घातक, तिथे कापडी मास्क कुचकामी. नायट्रो (नायट्रोसेल्युलोजचा लॅकर) नुसता थिनर उडून वाळतो, काही आठवडे नाजूकच राहतो आणि रबरी स्टँडला चिकटतो (हा धडा मला महागात पडला). पण ओरखडा गेला तर नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो. पीयूत जोड दिसतोच.

सॅटिनपणा दोन्हींत मॅटिंग पावडरमुळे (चमक मारणारी भुकटी). ती तळाशी बसते, डबा नीट ढवळा. शेवटी पॉलिश मात्र नको, चकाकी येते. हात टेकतो तिथे ती तशीही येणार, नायट्रोवर जरा लवकर.