टिरो देवनागरी मराठी: पुस्तकाच्या मजकुरासाठी भरवशाचा फॉन्ट, पण ठळकाशिवाय

मराठी पुस्तक जुळवायला घेतले की फॉन्टची निवड बहुतेक वेळा संगणकात आधीपासून काय आहे त्यावरच उरकली जाते. र. कृ. जोशींचा मंगल पडद्यावरच्या वाचनासाठी घडवलेला आहे. तो तीनशे पानी कादंबरीत दिसतो, तो केवळ हाताशी असतो म्हणून. लेखणीचे वळण असलेला, सलग वाचायला सुखाचा, युनिकोड आणि वर मोफत असा फॉन्ट हवा असेल तर टिरो देवनागरी मराठी आधी जुळवून बघावा. छापील मजकुरासाठी मोफत पर्यायांत तो आम्हांला सर्वांत भरवशाचा वाटतो. त्याला ठळक वजन, म्हणजे जाड रेघेचे बोल्ड रूप, नाही ही मोठी उणीव आहे, आणि तिच्यावर काय तोड काढायची हे आधी ठरवूनच तो घ्यावा.

जॉन हडसन यांची टिरो टाइपवर्क्स ही कॅनडातली फाउंड्री, म्हणजे फॉन्ट घडवणारी संस्था. हार्वर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने २०१५ पासून काढलेल्या मूर्ती क्लासिकल लायब्ररी ऑफ इंडिया या ग्रंथमालेसाठी हडसन आणि फिओना रॉस यांनी देवनागरी घडवली, त्या कामातून हे कुटुंब आले. मालेत डाव्या पानावर मूळ संहिता आणि उजव्या पानावर इंग्रजी भाषांतर असते. म्हणजे ही अक्षरे पहिल्यापासून लांब वाचनासाठी आणि रोमन लिपीशेजारी शोभण्यासाठीच तयार झाली आहेत. मजकुरात इंग्रजी नावे आली तरी पान डागाळल्यासारखे दिसत नाही, ते यामुळेच. अक्षरांचे वळण जुन्या मुंबईच्या खिळ्यांच्या परंपरेतले आहे: जाड-बारीक रेघांतला फरक स्पष्ट, पोकळ्या मोकळ्या, आणि काना शिरोरेषेतून सरळ खाली उतरणारा. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याची जुनी पुस्तके पाहिलेल्या वाचकाला हे वळण परके वाटणार नाही.

गूगल फॉन्ट्सवर टिरो देवनागरीची तीन भावंडे आहेत: हिंदी, मराठी आणि संस्कृत. नावे सारखी असल्यामुळे घाईत हिंदी उतरवला जातो आणि मग पुस्तकभर दंडयुक्त ल आणि शेंडीफोड्या श उमटतो. मराठी आवृत्तीत पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श मुळातच येतात, वेगळे काही करावे लागत नाही. ही सोय वाटते त्याहून मोठी आहे. इतर बऱ्याच चांगल्या फॉन्टांमध्ये मराठी रूपे असतात, पण ती आत दडलेली असतात. मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदवली तरच बाहेर येतात. वर्डमधून इनडिझाइन या पानजुळणीच्या प्रोग्राममध्ये, तिथून पीडीएफमध्ये आणि संकेतस्थळावर मजकूर फिरताना ही नोंद कुठेतरी गळते आणि एकाच अंकात दोन प्रकारचे ल दिसू लागतात. टिरो मराठीत तसे होण्याला वावच नाही. तरीही भाषा मराठीच नोंदवावी, कारण शब्द तोडण्याचे नियम आणि शुद्धलेखनाची तपासणी त्या नोंदीवर चालते.

आता ऱ्य. कुठलाही देवनागरी फॉन्ट मराठीसाठी घेताना पहिली परीक्षा याच अक्षराची घ्यावी, कारण दऱ्या आणि दर्या यांत डोंगर आणि समुद्राइतके अंतर आहे. टिरो मराठीत र चा हा आडवा फराटा पुरेसा लांब आहे आणि पुढच्या अक्षराच्या मधोमध बसतो. १२ पॉइंटलाही तो रेघेचा तुकडा तुटल्यासारखा वाटत नाही. वऱ्हाड, तऱ्हा, सुऱ्या, कोऱ्या हे शब्द छापून बघावेत. अडचण येते ती फॉन्टमुळे नव्हे, टंकनामुळे. हा फराटा दोन प्रकारे लिहिला जातो. एक, नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, म्हणजे युनिकोड ०९३१ आणि ०९४डी. दुसरा, साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक, म्हणजे ०९३०, ०९४डी, २००डी. पानावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध घेताना एकाला दुसरा सापडत नाही. शिवाय मजकूर एका प्रणालीतून दुसरीत नेताना तो अदृश्य जोडक कधीकधी गळून पडतो आणि दऱ्याचा दर्या होतो. जुळणीला सुरुवात करण्यापूर्वीच दुसरा प्रकार शोधून सगळीकडे पहिला करून घ्यावा. हे काम मुद्रितशोधकावर सोडू नये, कारण डोळ्यांना फरक दिसतच नाही.

जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांमधून रूपांतर केलेला मजकूर असेल तर आणखी एक खूण शोधावी: ठिपक्यांचे वर्तुळ. जुन्या फॉन्टांमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होत असे, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रूपांतरकाची इथे चूक झाली की वेलांटी निराधार होते आणि तिच्याखाली ठिपक्यांचे वर्तुळ येते. फॉन्ट बदलून ते जात नाही, अक्षरक्रम दुरुस्त करावा लागतो. ॲ आणि ऑ सुद्धा याच वेळी तपासून घ्यावेत. ॲ च्या जागी अ वर चंद्र चिकटवलेला असेल तर टिरोत तो वेडावाकडा बसेल.

आकार आणि ओळींमधले अंतर याबाबत टिरो स्पष्ट मागण्या करतो. देवनागरीत पॉइंटचा बराचसा भाग वरच्या वेलांट्या-मात्रांना आणि खालच्या उकारांना द्यावा लागतो, म्हणून मूळ अक्षर त्याच पॉइंटच्या रोमनपेक्षा लहान वाटते. डेमी किंवा ए ५ आकाराच्या पुस्तकाला १२ पॉइंटवर १७ पॉइंट लीडिंग, म्हणजे ओळीपासून ओळीपर्यंतचे अंतर, हे आमच्या मते योग्य प्रमाण आहे. ज्येष्ठ वाचकांसाठी १३.५ वर १९ घ्यावे. १२ वर १५ करून पाने वाचवायचा मोह होतो. तसे केले तर काय बिघडते हे पाहायला एका ओळीत 'चिठ्ठ्या' आणि नेमका त्याखाली 'वर्षींच्या' येऊ द्या. वरच्या ठ्ठ चा खालचा मजला आणि खालच्या ओळीतला रफार, वेलांटी, अनुस्वार यांचा झुबका एकमेकांत घुसतात. टिरोत लठ्ठ, घट्ट, चिठ्ठी अशी जोडाक्षरे एकाखाली एक रचली जातात. वाचायला ती सुंदरच आहेत, पण त्यांना जागा लागते. ऑटो लीडिंगवर विसंबू नये, आकडा स्वतः घालावा. रफार आणि अनुस्वार एकत्र येतात तिथली बांधणी मात्र खास आहे. 'सर्वांचे' मधला ठिपका रफाराच्या कमानीला चिकटत नाही आणि हरवतही नाही. स्वस्त फॉन्टांमध्ये नेमके हेच दोन एकमेकांवर बसतात.

दोन्ही कडा सरळ ठेवून जुळणी करताना मराठीचे लांबलचक शब्द त्रास देतात. विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटून येत असल्यामुळे 'विद्यार्थ्यांसाठीसुद्धा' असा एकच शब्द अख्खी ओळ बिघडवतो. इनडिझाइनच्या जस्टिफिकेशनमध्ये शब्दांमधले अंतर किमान ८५, इष्ट १००, कमाल १३५ टक्के ठेवावे. अक्षरांमधले अंतर तिन्ही ठिकाणी शून्य, आणि अक्षरांची रुंदी तिन्ही ठिकाणी १००. अक्षरांमधले अंतर जराही वाढले की शिरोरेषा तुटते, आणि टिरोची शिरोरेषा बारीक असल्याने ती फट लगेच दिसते. ट्रॅकिंग, म्हणजे सलग अक्षरांमधले अंतर कमी-जास्त करण्याची सोय, वापरून ओळ ओढून बसवणे देवनागरीत वर्ज्यच मानावे. ओळीत नऊ-दहा शब्द बसतील एवढी रुंदी असेल तर ही मापे पुरतात. वर्तमानपत्री अरुंद स्तंभात मात्र पांढऱ्या भेगा पडणारच. तिथे उजवी कड मोकळी सोडावी किंवा शब्द तोडू द्यावेत.

आता ठळकाविषयी. फाइली दोनच आहेत: रेग्युलर आणि इटॅलिक. वर्डमध्ये ठळकाचे बटण दाबले तर अक्षरे जाड होतात, पण ते फॉन्टमधले ठळक नव्हे. प्रोग्राम तेच अक्षर चारी बाजूंनी फुगवतो. परिणाम असा की थ, ध, भ यांच्या गाठी बुजतात, बारीक रेघा जाड होऊन लेखणीचे वळण नाहीसे होते आणि अनुस्वार शिरोरेषेकडे सरकतो. ब्राउझरही तेच करतो. तिथे फॉन्ट सिंथेसिस बंद करणारी ओळ स्टाइलशीटमध्ये घालावी. इनडिझाइनमध्ये खोटे ठळक मिळत नाही, म्हणून अक्षरांना पाव पॉइंटाची बाह्यरेषा देण्याची युक्ती सर्रास चालते. ती कृपया करू नका. ऑफसेटवर शाई पसरली की ती रेषा दुप्पट जाड वाटते.

तोड अशी. मजकुरातल्या एखाद्या शब्दावर जोर हवा असेल तर एकेरी अवतरणचिन्हे पुरतात. शीर्षकांसाठी मुंबईच्या 'एक टाइप' या फाउंड्रीचा मुक्ता हा फॉन्ट घ्यावा. त्याची एक्स्ट्रालाइटपासून एक्स्ट्राबोल्डपर्यंत सात वजने आहेत, रेघ जवळजवळ एकाच जाडीची आहे, त्यामुळे टिरोशी तो स्पर्धा करत नाही. प्रकरणाच्या नावाला सेमीबोल्ड, उपशीर्षकाला मीडियम. दोन्ही एकाच ओळीत येणार असतील तर दोन्हींतला क शेजारी शेजारी ठेवून शिरोरेषेपासून पायापर्यंतची उंची जुळवावी. सारख्या पॉइंटवर ती जुळेलच असे नाही. शब्दकोश, पाठ्यपुस्तक, कायद्याचे पुस्तक अशा ठिकाणी मजकुरातच चार वजने लागतात. तिथे टिरोचा हट्ट धरू नये. नोटो सेरिफ देवनागरीत नऊ वजने आहेत, डॅन रेनॉल्ड्स यांच्या मार्टेलमध्ये सात. देखणेपणात आमचे मत टिरोलाच, पण कोशाला देखणेपणाआधी वजने लागतात.

कागद आणि शाई यांचाही विचार हवा. चांगल्या मॅपलिथोवर किंवा बुक प्रिंटिंग कागदावर टिरो अप्रतिम उमटतो. न्यूजप्रिंटवर बारीक रेघा कुठे तुटतात, कुठे शाईने भरतात. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे काढायची असतील तर १६ पॉइंटच्या खाली जाऊ नये, कारण चारी बाजूंची शाई आत सरकून सगळ्यांत बारीक रेघ आधी गिळते. तळटिपा ९.५ पॉइंटच्या खाली नेऊ नयेत. पडद्यावर १८ पिक्सेलपासून पुढे आणि ओळीची उंची १.६५ च्या आसपास ठेवावी. साध्या, कमी घनतेच्या पडद्यावर १४ पिक्सेलला बारीक रेघा करड्या पडतात आणि मजकूर फिकट दिसतो. बटणे, अर्ज, तक्ते यांसाठी हा फॉन्ट नाहीच, ती कामे मुक्ताला द्यावीत. मुक्ताच्या वर-खाली मोकळी जागा बरीच आहे, त्यामुळे बटणातला मजकूर मधोमध दिसत नसेल तर ओळीची उंची हाताने ठरवावी.

फॉन्ट बसवल्यावर वेलांटी चुकीच्या बाजूला गेली किंवा जोडाक्षराऐवजी हलन्त दिसू लागला तर दोष टिरोचा नाही. इनडिझाइनच्या परिच्छेद पॅनलच्या मेनूत वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोजर निवडावा. इलस्ट्रेटरच्या टाइप प्रेफरन्सेसमध्ये इंडिक ऑप्शन्स चालू करावेत. वर्ड आणि लिब्रेऑफिसमध्ये देवनागरीसाठी फॉन्ट आणि आकार वेगळे नोंदवावे लागतात, वर्डमध्ये कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स या नावाखाली आणि लिब्रेऑफिसमध्ये सीटीएल या नावाखाली. वरच्या पट्टीत १२ दिसते आणि मराठी मजकूर भलत्याच फॉन्टमध्ये, भलत्याच आकाराचा उमटतो, त्याचे कारण बहुतेकदा हेच असते.

परवाना ओपन फॉन्ट लायसन्सचा आहे. व्यावसायिक पुस्तकात, पीडीएफमध्ये, ई-बुकमध्ये फॉन्ट जोडून वापरता येतो, मुद्रकाला फाइल देता येते, फक्त फॉन्ट सुटा विकता येत नाही. छपाईला पाठवताना अक्षरांच्या बाह्यरेषा करून देण्याची जुनी सवय सोडून फॉन्ट जोडलेली पीडीएफ द्यावी, म्हणजे शेवटच्या क्षणी एखादी वेलांटी सुधारायची झाली तर मजकूर अजून मजकूरच असेल. आणि पूर्ण पुस्तक लावण्याआधी एक फॉर्मा प्रत्यक्ष कागदावर छापून बघावा. त्या सोळा पानांत ठ्ठ, ऱ्य, र्वां आणि हृ येतील असाच मजकूर निवडावा.