रिको जीआर थ्री : दोन मीटरवरून माणसे टिपणारा कॅमेरा

रस्त्यावरच्या अनोळखी माणसांची छायाचित्रे काढावीत असे ज्यांना नव्याने वाटू लागते, त्यांतले बरेच जण आधी लांब पल्ल्याची झूम लेन्स शोधू लागतात. कारण भीड हेच असते. समोरच्याला कळू न देता पलीकडच्या फुटपाथवरून त्याचा चेहरा टिपता आला तर ‘माझा फोटो का काढलास’ या प्रश्नाला तोंड द्यावे लागणार नाही, असा हिशेब त्यामागे असतो. हिशेब चुकीचा नसला तरी त्यातून निघणारी चित्रे बहुधा एकसारखी दिसतात, कारण दूरवरून ओढून आणलेल्या चेहऱ्यामागची पार्श्वभूमी पुसट होते आणि तो माणूस कुठे उभा आहे, काय करतो आहे, त्याच्या भोवती कोण आहे, यांपैकी काहीच चित्रात उरत नाही. रिको या जपानी कंपनीचा जीआर थ्री हा कॅमेरा नेमका या सवयीच्या विरुद्ध टोकाला बसतो. नवशिक्यांनी तो घ्यावा की नाही हे ठरवताना त्याच्या इतर गुणदोषांपेक्षा हीच गोष्ट आधी विचारात घ्यायला हवी.

रिकोची जीआर ही मालिका १९९६ साली फिल्मच्या कॅमेऱ्यापासून सुरू झाली, २००५ मध्ये ती डिजिटल झाली आणि जीआर थ्री २०१९ मध्ये बाजारात आला. त्याची लेन्स बदलता येत नाही आणि तिला झूमही नाही. १८.३ मिलिमीटरची ही लेन्स पूर्ण आकाराच्या, म्हणजे ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढ्या, सेन्सरच्या भाषेत २८ मिलिमीटर भरते. हा आकडा जितका लहान तितकी लेन्स रुंद, म्हणजे ती बरीच रुंद आहे. उभ्या माणसाने चौकट भरायची असेल तर त्याच्यापासून सुमारे दोन मीटरवर जावे लागते, आणि नुसता चेहरा हवा असेल तर त्याहूनही जवळ. पुण्याच्या महात्मा फुले मंडईत एखाद्या भाजीवालीच्या गाळ्यासमोर दोन मीटरवर उभे राहणे म्हणजे तिच्या गिऱ्हाइकाच्या जागी उभे राहणे होय. तिथे लपून राहण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ती तुमच्याकडे बघणार, तुम्हाला तिच्याशी बोलावे लागणार, आणि ‘मावशी, एक फोटो काढू का?’ या साध्या प्रश्नाचे जे उत्तर मिळेल ते स्वीकारावे लागणार.

या कॅमेऱ्याला डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर नाही. तपशिलाच्या यादीत ही उणीव म्हणून मोजली जाते, आणि मे महिन्याच्या भर दुपारी लक्ष्मी रस्त्यावर मागच्या तीन इंची पडद्यावर काय दिसते आहे हे ओळखताना ती खरोखरच उणीव ठरते, शिवाय तो पडदा वाकवता किंवा फिरवता येत नाही. तरीही माणसांचे छायाचित्रण नव्याने शिकणाऱ्यासाठी मी तिला गुण मानते. डोळ्याला लावलेला कॅमेरा छायाचित्रकाराचा अर्धा चेहरा झाकतो. समोरच्याला दिसते ते एक काळे यंत्र आणि त्यामागे मिटलेला एक डोळा. जीआर छातीच्या किंवा हनुवटीच्या उंचीवर धरला की तुमचा चेहरा उघडा राहतो, तुम्ही हसू शकता, मान डोलावू शकता, बोलता बोलता बटण दाबू शकता. जवळून काढलेल्या चित्रांतल्या माणसांच्या चेहऱ्यावर जो मोकळेपणा दिसतो, त्याचे बरेचसे श्रेय मी या नसलेल्या व्ह्यूफाइंडरला देईन.

आकाराचाही परिणाम होतो. बॅटरी आणि कार्डासकट याचे वजन २५७ ग्रॅम आहे आणि बंद केला की तो चष्म्याच्या घराएवढा होऊन खिशात मावतो. मोठी लेन्स लावलेला कॅमेरा गळ्यात असला की ‘ताई, कुठल्या पेपरातून आलात?’ असे हमखास विचारले जाते, आणि त्या प्रश्नात कुतूहल कमी व सावधपणा जास्त असतो. मोबाइल वर धरला की आता रील निघणार अशी शंका येते आणि लोक एकतर तोंड फिरवतात किंवा लगेच पोझ देतात. जीआर बघून यांपैकी फारसे काही होत नाही. जुना डिजिटल कॅमेरा घेऊन कोणी हौशी बाई फिरते आहे, इतकाच समज होतो, आणि तो समज दूर करण्याची घाई करण्याचे कारण नाही.

या कॅमेऱ्याची खरी कमाई म्हणजे त्याचा स्नॅप फोकस. एरवी बटण अर्धे दाबले की कॅमेरा फोकस शोधतो, त्यात क्षणभर जातो, आणि तेवढ्यात चहाचा ग्लास पुढे करणारा हात मागे गेलेला असतो. स्नॅप फोकसमध्ये एक, दीड, दोन, अडीच मीटर अशी अंतरे आधीच नेमून ठेवता येतात. अंतर नेमले की कॅमेरा काही शोधत बसत नाही, बटण दाबताच चित्र उमटते. ही युक्ती चालते ती रुंद लेन्सच्या जोरावर. अ‍ॅपर्चर (लेन्समधून उजेड आत सोडणारे भोक; एफचा आकडा जितका मोठा तितके ते लहान आणि स्पष्ट येणारा पट्टा मोठा) एफ ८ ठेवून अंतर दोन मीटर नेमले, तर साधारण एक मीटरपासून रस्त्याच्या पलीकडच्या दुकानांपर्यंत सारे पुरेसे स्पष्ट येते. उन्हात एफ ८ ला १/५०० सेकंदाचा शटरस्पीड, म्हणजे शटर उघडे राहण्याचा वेळ, ठेवायला आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील आहे ते सांगणारा आकडा) २०० देखील पुरतो, आणि १/५०० ला चालत्या माणसाचे पाऊल गोठते. शिवाय स्वयंचलित फोकस चालू असतानाही बटण एकदम पूर्ण दाबले तर कॅमेरा नेमलेल्या अंतरावर उडी घेतो, अशी सोय ठेवलेली आहे. ती पहिल्याच दिवशी चालू करून ठेवावी.

सावलीत मात्र हे गणित आक्रसते, आणि त्याचा उल्लेख कौतुकाच्या लेखांत क्वचितच सापडतो. मंडईच्या आत, जिथे उजेड छताकडून आणि गाळ्यांवरच्या दिव्यांकडून तुकड्यातुकड्यांनी येतो, तिथे अ‍ॅपर्चर एफ २.८ पर्यंत उघडावे लागते. मग दोन मीटर नेमलेल्या फोकसमध्ये फक्त दीड ते तीन मीटरमधला पट्टा स्पष्ट राहतो. म्हणजे आपले आणि समोरच्याचे अंतर नजरेने मोजता यायला हवे. हा सराव घरीच करता येतो: खोलीत टेप लावून दीड आणि दोन मीटरवर खडूने रेघा ओढाव्यात, त्या अंतरावर उभे राहिलेला माणूस पडद्यावर किती मोठा दिसतो हे पाहून ठेवावे. थोड्या दिवसांत पडद्याकडे न पाहताही अंतर कळू लागते. कॅमेऱ्याला शरीरातच तीन अक्षांची थरथरविरोधी यंत्रणा आहे आणि ती हाताची थरथर चांगली सावरते, परंतु कांदे तोलणाऱ्या हाताची हालचाल ती थांबवू शकत नाही. त्यासाठी १/१२५ च्या खाली न जाता आयएसओ ३२०० पर्यंत चढू देणे बरे. त्या पातळीवर चित्रात दाणेदारपणा येतो, पण २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी (पूर्ण आकाराहून लहान) सेन्सरला तो शोभून दिसतो.

शटरचा आवाज जवळजवळ येतच नाही, कारण ते लेन्सच्या आतच असलेले पात्यांचे शटर आहे आणि काही मोठ्या कॅमेऱ्यांत असतो तसा उडणारा आरसा यात नाही. इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. लहान आकार, मूक शटर आणि कमरेजवळून टिपण्याची सोय यांमुळे चोरून छायाचित्रे काढण्याचा मोह हा कॅमेरा वाढवू शकतो, आणि आंतरजालावरच्या अनेक शिकवण्यांत तेच कसब म्हणून शिकवले जाते. मला ते पटत नाही. सार्वजनिक जागी छायाचित्र काढण्यावर आपल्याकडे सरसकट बंदी नाही हे खरे, पण २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आहे आणि स्त्रीचे तिच्या खासगी क्षणी चोरून चित्रण करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी कमरेवरून टिपलेल्या चित्रांत माणसांच्या हनुवट्या आणि नाकपुड्याच अधिक येतात. आधी टिपून मग लगेच नजर भिडवावी, ‘तुमचा फोटो काढला, बघता का?’ असे विचारून पडदा समोर धरावा, आणि कोणी नको म्हटले तर त्यांच्यासमोरच तो पुसून टाकावा. लहान मुलांच्या बाबतीत मात्र आधी आईवडिलांना विचारावे, त्यात सूट घेऊ नये.

महाराष्ट्रात माणसांचे छायाचित्रण शिकायला सर्वांत उदार जागा म्हणजे आषाढातली वारी. ज्ञानेश्वर आणि तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्कामी असतात तेव्हा नाना पेठ आणि भवानी पेठेत कोणाला परवानगी विचारताना जड जात नाही. वारकरी उलट तुम्हालाच ‘माउली’ म्हणून जवळ बसवून घेतात. पण नेमके तेव्हाच आभाळ भरलेले असते, आणि जीआर थ्री पावसापासून सुरक्षित नाही. धुळीपासूनही नाही, आणि धुळीचा धोका मोठा आहे. कॅमेरा सुरू होताना लेन्स बाहेर येते आणि बंद होताना आत जाते. या ये-जा करणाऱ्या नळीच्या फटीतून बारीक कण आत शिरू शकतात, ते सेन्सरवर बसले तर लेन्स काढून घरी साफ करण्याचा मार्ग नाही. सोमवती अमावास्येला जेजुरीच्या गडावर भंडारा उधळला जातो तेव्हाची चित्रे कितीही मोहात पाडत असली, तरी तिथे हा कॅमेरा नेऊ नये असेच मी सांगेन. गणपती विसर्जनाच्या गुलालालाही हाच नियम लागू. त्या मिरवणुकीसाठी रात्री फ्लॅशही लागतो, आणि आधीच्या जीआर टू मध्ये असलेला छोटा फ्लॅश इथून काढून टाकलेला आहे, तो वरून वेगळा जोडावा लागतो.

बॅटरी लहान आहे. कंपनीच्याच आकड्यानुसार एका चार्जमध्ये सुमारे २०० चित्रे निघतात, म्हणून दिवसभर हिंडायचे असेल तर खिशात दोन जादा बॅटऱ्या हव्यात. यूएसबी-सी केबलने पॉवर बँकेवर चार्ज होतो ही जमेची बाजू. आत दोन जीबीची अंगची साठवण आहे, कार्ड भरल्यावर ती कामी येते. चलतचित्रण फुल एचडीपुरतेच आहे, त्यासाठी कोणी हा घेऊ नये.

रंगांबद्दल थोडे. उठावदार कृष्णधवल चित्रांसाठी यात एक खास सोय आहे, आणि जपानचे छायाचित्रकार दाइदो मोरियामा वर्षानुवर्षे जीआर मालिकेचे कॅमेरे वापरत आल्यामुळे ती पद्धत अनेकांना या कॅमेऱ्याची ओळखच वाटते. नवशिक्याने तिच्यापासून काही काळ दूर राहावे. काळ्याकुट्ट सावल्यांमुळे सामान्य चित्रही गंभीर भासते आणि आपली चौकट चुकली आहे हे लक्षात येत नाही. तुळशीबागेतल्या बांगड्यांच्या दुकानासमोर रंग टाळून जाणे हा तर करंटेपणाच आहे. कृष्णधवल करायचेच असेल तर रॉ फाइल (कॅमेऱ्याने संस्कार न केलेली मूळ नोंद) ठेवून घरी सावकाश करावे.

मग हा कोणी घ्यावा? २०१९ मध्ये अमेरिकेत तो ८९९ डॉलरला आला होता, आणि तेवढ्या पैशात नवशिक्याला लेन्स बदलता येणारा चांगला कॅमेरा मिळू शकत होता. त्यामुळे आधी एक चाचणी करावी, तिला पैसे पडत नाहीत. बहुतेक मोबाइलचा मुख्य कॅमेरा २४ ते २६ मिलिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे जीआरपेक्षाही किंचित रुंद. झूमला हात न लावता महिनाभर त्यानेच अनोळखी माणसांना विचारून, जवळ जाऊन चित्रे काढावीत. त्या अंतरावर बोलणे जमू लागले आणि मोबाइलचा संथपणा खटकू लागला, तर जीआर थ्रीचे पैसे वसूल होतील. जवळ जाणे अजूनही नकोसे वाटत असेल, तर २०२१ मध्ये आलेला जीआर थ्री एक्स पाहावा. बाकी जवळपास सगळे तेच, पण लेन्स ४० मिलिमीटरच्या तोडीची, त्यामुळे दोन पावले मागे राहूनही चेहरा चौकटीत भरतो.

२०२५ मध्ये जीआर फोर आल्यापासून थ्री घ्यायचा तर बहुधा वापरलेलाच शोधावा लागेल. असा कॅमेरा प्रत्यक्ष हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. तो चारपाच वेळा चालू-बंद करून लेन्स न अडखळता बाहेर येते का ते पाहावे, मागची चकती दोन्ही बाजूंनी फिरवावी, आणि अ‍ॅपर्चर एफ १६ वर नेऊन मोकळ्या आभाळाचे एक चित्र काढावे. पडद्यावर ते मोठे करून कोपऱ्यापर्यंत सरकवत पाहिले की सेन्सरवरची धूळ करड्या ठिपक्यांच्या रूपाने दिसते. ठिपके असतील तर साफसफाईचा खर्च विचारून तो किमतीतून वजा करून मागावा, किंवा दुसरा कॅमेरा बघावा.