कोल्हापूरहून छोट्या जेटने जाताय? सीट अशी निवडा

सांगली-मिरजेच्या माणसाला जवळचं विमानतळ म्हणजे कोल्हापूरचं उजळाईवाडी. इथून उडणाऱ्या स्टार एअर या विमान कंपनीकडे एम्ब्राएर या कारखानदाराची दोन प्रकारची जेट आहेत, ५० सीटचं ईआरजे १४५ आणि ७६ सीटचं ई १७५. एकात जी सीट झकास, ती दुसऱ्यात असेलच असं नाही. म्हणून तिकीट काढताना आधी विमानाचा प्रकार बघा, सीटचा नंबर नंतर.

ईआरजे १४५ ची केबिन जेमतेम २.१ मीटर रुंद. मधल्या वाटेत उंची १.८२ मीटर, म्हणजे सहा फुटी माणसाला मान वाकवूनच चालावं लागतं. रचना मुंबईच्या स्लीपर बससारखी, एका बाजूला सिंगल आणि दुसऱ्या बाजूला डबल. नाकाच्या दिशेने तोंड केलं की डावीकडची सिंगल. ती खिडकीचीही आणि वाटेकडचीही, शेजारी कोणी नाही, उठताना कोणाला उठवायचं नाही. एकट्या प्रवाशाने दुसरीकडे बघूच नये.

ओळ मात्र नीट निवडा. इंजिनं पंखाखाली नसून शेपटीजवळ बसवलेली आहेत, त्यामुळे मागे जाल तसा आवाज वाढतो. टॉयलेटही मागेच, तिथे सतत ये-जा. तिसरी ते सातवी ओळ आमच्या मते सर्वात सुखाची: शांत, पंख खिडकीआड येत नाही आणि उतरायला लवकर नंबर लागतो. ज्यांना विमानात मळमळतं त्यांनी मात्र थोडा आवाज सोसून पंखाजवळ बसावं. पावसाळ्यात सह्याद्रीवर ढगांतून जाताना तिथे हेलकावे कमी जाणवतात.

पंखावरच्या इमर्जन्सी एक्झिटच्या ओळीत पाय पसरता येतात. पण तिथे लहान मुलं, गरोदर बायका, वयस्कर मंडळी यांना बसू देत नाहीत, आणि टेकऑफ-लँडिंगला पायाशी बॅग ठेवता येत नाही. त्या ओळीच्या पुढची सीट बहुधा मागे झुकत नाही, ती टाळाच.

सिंगल सीटची एक अडचण आहे. तिच्या डोक्यावर सामानाचा कप्पा नाही, कप्पे फक्त डबलच्या बाजूला आणि तेही उथळ. चाकांची कडक ट्रॉली त्यात मावत नाही, मग ती विमानाजवळ काढून घेऊन खालच्या डिक्कीत टाकतात. तशी वेळ आली तर पॉवर बँक, औषधं, दागिने आधी काढून घ्या. पॉवर बँक डिक्कीत चालत नाही. मऊ सॅक आणली तर ती पुढच्या सीटखाली जाते आणि हा घोळच होत नाही.

ई १७५ प्रशस्त आहे. केबिन २.७४ मीटर रुंद, इकॉनॉमीत दोन-दोन सीट, मधली सीट नाहीच, आणि ट्रॉली वर मावते. आईवडिलांना घेऊन जायला हेच बरं. इथे पंखावर एक्झिटच नाही, दरवाजे फक्त पुढे आणि मागे, त्यामुळे जास्त पाय पसरायची ओळ पंखाजवळ शोधू नका. इंजिनं पंखाखाली आहेत, म्हणून पंखाच्या पुढच्या ओळी घ्या. शेवटची ओळ टॉयलेटला लागून, ती नको.

उन्हाचाही विचार करा. मुंबईला जाताना विमान वायव्येकडे जातं, सकाळचं ऊन उजवीकडून येतं. संध्याकाळी परतताना तोंड आग्नेयेला, ऊन पुन्हा उजवीकडेच. म्हणजे दोन्ही वेळा डावी बाजू सावलीत. बंगळूरला सकाळी जायचं असेल तर उलट, उजवी बाजू घ्या.

विमान ऐनवेळी बदललं तर सीटही बदलते. वेब चेक-इन करताना आणि बोर्डिंग पास हातात आल्यावर, असं दोनदा तपासा. सिंगल गेली असेल तर काउंटरवरच विचारा, विमानात चढल्यावर बदलून मिळणं अवघड.