आईला मेमरी क्लिनिकला नेलं, तिथला अनुभव

पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या मेमरी क्लिनिकला (म्हणजे विसरायला होतं त्याची तपासणी करतात तो विभाग) आईला आत्तापर्यंत दोनदा नेलंय. नाव लिहीत नाही कारण एक तक्रारही आहे.

आई ७३ ची. बिल्डिंगच्या भिशीचा हिशोब वीस वर्षं तिच्याकडे, कधी रुपया इकडचा तिकडे नाही. दिवाळीनंतर शेजारच्या काकूंनी मला जिन्यात गाठून हळूच सांगितलं, अगं तुझ्या आईने या महिन्यात माझ्याकडे दोनदा पैसे मागितले. मग वही बघितली तर खाडाखोडच खाडाखोड. माणसांची नावं पटकन न आठवणं वेगळं, पण जे काम डोळे मिटून जमायचं तेच चुकायला लागलं की थांबू नये असं मला वाटतं.

तिथली सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे घाई नाही. सायकॉलॉजिस्ट मॅडमनी जवळजवळ दीड तास दिला, सगळी टेस्ट मराठीत घेतली, आणि बोलल्या आईशी, माझ्याशी नाही. शंभरातून सात सात वजा करत जाणं आईने धडाधड केलं (हिशोबाची बाई!) पण आधी सांगितलेले तीन शब्द पाच मिनिटांनी विचारले तर एकही आठवेना, आणि घड्याळ काढायला सांगितलं तर सगळे आकडे एकाच बाजूला. मला बघवेना. नंतर मला वेगळं बसवून घरचं विचारलं, आईसमोर नाही, हे फार आवडलं. मी "अगं आत्ताच सांगितलं ना" असं सारखं म्हणते ते बंद करा म्हणाल्या, त्याने ती फक्त घाबरते आणि लपवायला लागते.

डॉक्टरांनी लगेच कुठलंही लेबल लावलं नाही. आधी रक्त तपासलं, थायरॉईड, व्हिटॅमिन बी१२, शिवाय कान. बी१२ खूपच कमी निघालं, आम्ही शाकाहारी आणि तिला शुगरची मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू, त्यानेही कमी होतं म्हणे. इंजेक्शनं सुरू केलीत. सगळं त्यानेच भरून येईल असं त्यांनी सांगितलं नाही, सहा महिन्यांनी परत टेस्ट आहे.

तक्रार रिसेप्शनची. अपॉइंटमेंट असून दोन तास बसवलं, आणि काउंटरवरच्या मुलीने आईसमोरच मला विचारलं, "यांना स्वतःचं नाव तरी सांगता येतं का?" आईचा चेहरा पडला तो घरी येईपर्यंत. मी तिथेच बोलले, लेखी पण दिलंय. या विभागात तरी असं व्हायला नको.

एक स्टार तेवढ्यासाठी कापला, पाचपैकी चार. भिशी अजून आईकडेच आहे, फक्त पैसे घेताना काकू शेजारी बसतात.

जाणार असाल तर चालू गोळ्यांची सगळी पाकिटं, चष्मा आणि कानाचं मशीन असेल तर ते न्या. नीट दिसलं-ऐकू आलं नाही तर टेस्टमध्ये मार्क उगाच कमी पडतात.