घरबसल्या पदवी की पणजीतली गच्ची?

नोकरी सांभाळून खगोलशास्त्र शिकायचं, तर गोव्यात बसून दोन वाटा आहेत. इंग्लंडमधल्या लँकाशायर विद्यापीठासारख्या ठिकाणचं अर्धवेळ दूरशिक्षण, किंवा पणजीतली गच्चीवरची सार्वजनिक वेधशाळा.

दूरशिक्षणात गणिताला पर्याय नाही. ताऱ्याच्या वर्णपटातली, म्हणजे त्याच्या प्रकाशाच्या रंगपट्ट्यातली, एक काळी रेघ किंचित सरकलेली दिसते आणि तेवढ्यावरून त्याचा वेग काढायचा असतो. हे एकट्याने पुस्तकातून जमणं कठीण. वेळेत द्यायचा स्वाध्याय आणि तो तपासणारं कुणीतरी हवंच. फी मात्र पौंडांत, आणि तिकडची संध्याकाळी सातची तासिका हिवाळ्यात आपल्याकडे रात्री साडेबाराला. जून ते सप्टेंबर ढगांमुळे आकाश बंद, तेव्हा हा अभ्यास छान होतो.

गच्चीवर पदवी मिळत नाही, पण डोळा तयार होतो. आपण साधारण साडेपंधरा अक्षांशावर. हात लांब करून मोजलं तर ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम पाऊण वीत वर, आणि त्या बदल्यात दक्षिणेचं केवढं आकाश! फेब्रुवारीत व्याधाच्या ताऱ्याखाली अगस्त्य हा तारा स्वच्छ दिसतो. लँकाशायरमधून तो कधीच उगवत नाही. मे महिन्यात काळोख्या किनाऱ्यावरून ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ साध्या दुर्बिणीतही धुरकट गोळ्यासारखा सापडतो.

माझं मत विचाराल तर आधी एक हिवाळा गच्चीवर घालवा. गुरूचे चार चंद्र चार रात्री वहीत काढा. ते का सरकले, हे गणिताने सोडवावंसं वाटलं, की मग फी भरा.