ऑडॅसिटी: भोंगा घडवण्यासाठी कितपत कामाचं?

नाशिकमध्ये नाटकासाठी किंवा पूर-सरावाच्या चित्रफितीसाठी भोंगा (सायरन) हवा असेल, तर ऑडॅसिटी हे आवाज घडवण्याचं फुकटचं सॉफ्टवेअर पुरेसं आहे. खरं काम जनरेट मेनूतल्या 'चर्प'चं, म्हणजे सरकत चढणाऱ्या-उतरणाऱ्या स्वराचं.

यांत्रिक भोंग्याचा स्वर म्हणजे त्यातल्या फिरत्या चकतीची भोकं गुणिले सेकंदाचे फेरे. १२ भोकं, मिनिटाला २८०० फेरे: ५६० हर्ट्झ. चढ दोन लिनियर (एकसारख्या गतीच्या) तुकड्यांत करा, १०० ते ४५० हर्ट्झ तीन सेकंदांत, पुढे ५६० पर्यंत चार सेकंदांत. लॉगरिदमिक चढ आधी रेंगाळतो नि मग धावतो. मोटर नेमकी उलट वागते. उतार मात्र लॉगरिदमिकच, १५ सेकंदांचा. दुसऱ्या ट्रॅकवर सगळे आकडे ५/६ पट घेतले की १० भोकांची चकती जोडीला येते आणि तो काळजात धडकी भरवणारा दुहेरी स्वर मिळतो. ॲम्प्लिट्यूड (आवाजाची पातळी) दोन्ही ट्रॅकना ०.४, ०.८ ला आवाज फाटतो.

मोठी उणीव: प्रत्येक चर्प नव्याने शून्य फेजवर (लाटेच्या आरंभापासून) सुरू होतो, म्हणून जोडावर 'टक्' वाजतं. १० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्या, म्हणजे एक तुकडा विरताना दुसरा चढत येऊ द्या.

घाटाचा प्रतिध्वनी इको इफेक्टने जमतो: भिंत ८५ मीटरवर, तर ०.५ सेकंद. तयार आवाज पावसाळ्यात रामकुंडाजवळ कर्ण्यावर वाजवू नका. लोक खरा इशारा समजून धावतील.